मोजणाऱ्याने वजा करायचं नाही

३ जून, मंगळवार

प्रिय खुंटी,

माझं अक्षर पाकिटावर बघून तुझ्या मनात पहिला प्रश्न येईल, कोण गेलं? आपला धंदाच तसा. कोणी गेलेलं नाही. सगळे आहेत, आणि मी धडधाकट बसून, वर्कशॉपच्या लांब टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत हे लिहिते आहे. भुसा कागदावर पडतो आहे, तो झटकून पाठवीन.

तुझा पत्ता पॉलिशकाकांकडून घेतला. मी विचारलं तर म्हणाले, "कशाला हवाय? भांडायचंय का?" मी म्हटलं, पत्र लिहायचंय. त्यावर त्यांनी वही उघडली नाही, डबा खोलला नाही. घर नंबरासकट तोंडपाठ म्हणून दाखवला. म्हणजे अकरा वर्षं तुमचा पत्रव्यवहार चालू आहे आणि माझ्या शेजारी उभं राहून, माझ्याच शवपेट्यांना लाख चोपडत, म्हाताऱ्याने एकदाही चकार शब्द काढला नाही. मीही कधी विचारलं नाही, हे खरं.

बातमी अशी आहे की आपल्या चर्चच्या मंडळीच्या पंचांमध्ये माझं नाव सुचवलं गेलं आहे. पाच पंच, त्यांत एक जागा रिकामी झाली. आजवर बाईमाणूस कधी बसलेलं नाही. नियम तुला माहीत आहे. तीन रविवार पाळक नाव वाचतात आणि विचारतात, कोणाला काही हरकत आहे का? हरकत नसली तर चौथ्या रविवारी डोक्यावर हात ठेवतात. या रविवारी पहिलं वाचन.

सुचवलं कोणी, तर रविवारच्या शाळेतल्या आपल्या बाईंच्या मुलाने. तोच, दातांचा डॉक्टर. म्हणाला, "माझ्या आईच्या दफनाच्या दिवशी ही जशी खंबीर उभी राहिली, तसं माणूस पंचांत हवं."

ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही.

तो दिवस तुला सांगायची गरज नाही, पण क्रमाने लिहिल्याशिवाय मला धीर येत नाही. रविवारच्या शाळेत आपल्या दोघा बहीणभावांना शिकवलेल्या बाई गेल्या. मी त्यांच्या घरी जाऊन माप घेतलं, चिठ्ठी आणून तुला दिली, तू पेटी कापलीस, जोडलीस, काकांनी आणि तू मिळून पॉलिश केलंत. आणि बाईंच्या बैठकीच्या खोलीत, वीस-पंचवीस माणसांसमोर, बाई पेटीत मावल्या नाहीत. गुडघे वाकवावे लागले. त्यांच्या मुलाने तुझी कॉलर धरली. लोक म्हणाले, पुन्हा प्यायला लागला. दोन आठवड्यांनी पंचांनी तुला प्रभुभोजनाच्या मेजापासून, भाकर आणि प्याल्यापासून दूर ठेवलं, तसं चर्चमध्ये वाचून दाखवलं, आणि त्याच आठवड्यात तू गेलास.

परवा तारेत खोचलेल्या जुन्या चिठ्ठ्या चाळत होते. बाईंची चिठ्ठी सापडली. त्यावरून मला वाटतं की त्या दिवशी मापाचा काहीतरी गोंधळ झाला असावा, आपल्या दोघांमध्ये. सविस्तर पुन्हा लिहीन.

तुझी
ताई

९ जून, सोमवार

प्रिय खुंटी,

काल पहिलं वाचन झालं. पाळकांनी नाव वाचलं, हरकत विचारली आणि दहापर्यंत आकडे मोजावेत इतका वेळ थांबले. त्या वेळात एकाने नाक शिंकरलं आणि मला वाटलं, उठलाच कोणी. मग सगळे गाण्यासाठी उभे राहिले.

गेल्या पत्रात मी "गोंधळ झाला असावा, आपल्या दोघांमध्ये" असं लिहिलं. ते वाक्य गेला आठवडाभर माझ्यामागे फिरतं आहे. तू ते वाचून कागद टेबलावर आपटला असशील. दोघांमध्ये काही झालं नाही. जे झालं ते एकीने केलं.

बाबांचा टेपच्या टोकावर विश्वास नव्हता. टोकाचा पत्र्याचा आकडा वापरून वापरून सैल होतो, थोडा पुढेमागे सरकतो, म्हणून ते टेप कधी शून्यापासून लावायचे नाहीत. दहाची खूण कडेला धरायची आणि दुसऱ्या टोकाला जे दिसेल ते वाचायचं. म्हणजे वाचलेला आकडा खऱ्यापेक्षा दहाने जास्त. ते दहा वजा कोणी करायचे, तर कापणाऱ्याने, बाकावर उभं राहून. मोजणाऱ्याने वजा करायचं नाही, जे दिसलं तेच लिहायचं. "वजाबाकी एकाच ठिकाणी राहू दे," बाबा म्हणायचे, "दोन ठिकाणी गेली की घर बुडालं." दुसऱ्या वर्कशॉपमधला माणूस हे ऐकून हसेल. आपल्याला ते रंधा धरण्याइतकं अंगवळणी होतं.

चिठ्ठीवर माझ्या अक्षरात एकशे त्रेसष्ट लिहिलं आहे. तू दहा वजा केलेस, आपण नेहमी ठेवतो तसे पाच जागेसाठी वाढवलेस, आणि पेटी आतून एकशे अठ्ठावन्नची केलीस. तुला आठवत असेल, तू त्या खोलीतच, कॉलर सोडवून घेऊन, टेप लावून आतून मोजून दाखवलं होतंस. "एकशे अठ्ठावन्न, चिठ्ठीप्रमाणे आहे," असं तू म्हणालास. कोणी ऐकलं नाही.

चिठ्ठी खरी धरली तर बाई एकशे त्रेपन्नच्या ठरतात. मी एकशे साठ आहे आणि बाई माझ्याहून बोटभर उंच होत्या. टेपवर मला एकशे त्र्याहत्तर दिसलं. दहा मी तिथेच, त्यांच्या पलंगाशी उभी राहून, मनात वजा केले आणि उरलेलं लिहिलं. का केलं? त्यांच्या पायाला टेप लावताना मला रडू येत होतं, आणि बाईंना त्यांच्याहून जास्त लांब लिहायला हात धजेना. खरं माप लिहावं असं वाटलं. एवढंच. बाईंना बरोबर लिहायचं म्हणून मी चुकीचं लिहिलं.

आणि तू चिठ्ठीवर भरवसा ठेवलास, कारण तसाच नियम होता, आणि लिहिणारी मी होते.

पाळकांना हे सांगायचं असं मी ठरवते आणि सकाळी वर्कशॉपचं शटर वर करताना बेत बदलते. अजून दोन रविवार आहेत.

ताई

१६ जून, सोमवार

खुंटी,

काल दुसरं वाचन. यावेळी कोणी शिंकरलंही नाही.

आज मी सगळं लिहिणार आहे. काकांना सांगितलं आहे की कोणी आलं तर तुम्हीच बोला. ते म्हणाले, "मी बोललो तर गिऱ्हाईक घाबरून बरं होईल." आतून आवाज येतोय, कोणा मुलाला ते आईच्या पेटीसाठी फिकं पॉलिश की गडद हे इतक्या हळू विचारतायत की जणू बाळाचं नाव विचारतायत.

पहिली गोष्ट. चिठ्ठी मला परवा सापडली नाही. ती आठ वर्षांपूर्वी सापडली. तू जाऊन तीन वर्षं झाली होती. एका आजोबांचं माप घेतलं, चिठ्ठीवर एकशे सदुसष्ट लिहिलं आणि घरी येता येता रस्त्यात थांबले. त्यातून दहा गेले तर ते माझ्याहून बुटके ठरत होते, आणि ते आजोबा तर मला बघायला मान खाली घालायचे. मी पुन्हा वजा केलं होतं. जीव कासावीस झाला की माझा हात असं करतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांची चिठ्ठी दुरुस्त केली. मग वर्कशॉपमध्ये येऊन तारेवरच्या चिठ्ठ्या खाली केल्या, बाईंच्या चिठ्ठीपर्यंत पोचले, आकडा वाचला, आणि सगळ्या चिठ्ठ्या होत्या त्याच क्रमाने परत खोचल्या. अगदी त्याच क्रमाने, खुंटी. फाडली नाही, कारण फाडणं पाप आहे असं वाटलं. गप्प राहणं तेवढं वाटलं नाही.

दुसरी गोष्ट याहून जुनी आहे.

पंचांनी मला बोलावलं तेव्हा तू बाहेरच्या बाकावर बसला होतास. तक्रार करणारा म्हणून तिथे बसलेल्या डॉक्टरने विचारलं, "त्या दिवशी तो प्यायला होता का?" मी म्हटलं, "वास येत होता."

येतच होता. तुझ्या हातांना, शर्टाला, केसांनाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि बाईंच्या पेटीला तू तीन हात दिले होतेस. काकांच्या अंगालाही तोच वास होता, पण काकांना कोणी विचारलं नाही. मला माहीत होतं तो कसला वास आहे. मी त्या वासात वाढले आहे. तरी मी तेवढे तीन शब्द बोलले आणि थांबले, आणि ते तीनही शब्द खरे होते. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि झालं.

तुझ्या बाजूने मी का बोलले नाही? पाच वर्षं मी तुला रस्त्यावरून उचलून आणलं होतं. तुझ्या ओकाऱ्या पुसल्या होत्या, गिऱ्हाइकांना खोटं सांगितलं होतं की त्याला ताप आहे. मग बाईंनी तुला रोज संध्याकाळी सहाला घरी बोलवायला सुरुवात केली, कारण सहा ही तुझी वाईट वेळ होती. शाळेचे बाक दुरुस्त करून घ्यायच्या. दुरुस्त झालेले बाक पुन्हा दुरुस्त करून घ्यायच्या. पाच महिने तू शुद्धीत होतास, आणि मला त्याचा आनंद होता, पण आत कुठेतरी मी वाटच बघत होते की हा कधी घसरतो. माझ्या पाच वर्षांनी जे झालं नाही ते बाईंच्या बाकांनी केलं होतं. पेटी लहान निघाली तेव्हा मला धक्का बसला नाही. मला वाटलं, बघा, मी म्हणतच होते. हे लिहिताना मला माझीच किळस येते, पण खरं आहे ते असं आहे.

गुरुवारी पाळक वर्कशॉपमध्ये आले होते. हे पाळक तू पाहिलेले नाहीत, चार वर्षांपूर्वी आले. बारीक अंगाचे, पायजमा नेहमी आखूड. चर्चच्या दाराची बिजागरी करकरते म्हणून सांगायला आले आणि भुशाच्या पोत्यावर बसले. मी रंधा मारता मारता, सहज विचारल्यासारखं विचारलं, "देवाने एखाद्या गोष्टीची क्षमा केली असेल, तर ती माणसांना सांगावीच लागते का?"

ते म्हणाले, "ओझं कुठे आहे त्यावर आहे. तुमच्याजवळ असेल तर तो उचलून घेतो. तुम्ही ते दुसऱ्याच्या पाठीवर देऊन ठेवलं असेल, तर आधी तिथून काढून आणायला लावतो."

मी म्हटलं, "मग तो दयाळू कसला?"

"दयाळू आहे म्हणून तर. दुसऱ्याच्या पाठीचीही त्याला दया येते की." मग उठले, पायजमा झटकला आणि म्हणाले, "बिजागरीचं लक्षात ठेवा." काही विचारलं नाही. मला वाटतं त्यांना काही कळलंही नाही. माणसाला बिजागरीचीच काळजी होती.

तेव्हापासून मी विचार करते आहे. आठ वर्षं मी रोज क्षमा मागितली. गुडघ्यांवर बसून, अगदी मनापासून. उठताना हलकं वाटायचं, आणि दुपारपर्यंत ते हलकेपण उतरायचं. मला वाटायचं माझाच विश्वास कमी पडतो. आता दिसतं की मी एका देवाचे दोन केले होते. दयाळू देवाशी बोलायचे आणि न्यायी देवाच्या घरावरून मान खाली घालून जायचे. दया म्हणजे त्याने डोळेझाक करणं, असं मी धरून चालले होते. पण डोळेझाकच करायची होती तर वधस्तंभ कशाला? नुसतं "जाऊ दे" म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्याने "जाऊ दे" म्हटलं नाही. माझं पाप पाप म्हणून मोजलं, पूर्ण लांबीचं, आणि त्याची शिक्षा स्वतःच्या पुत्रावर घेतली. म्हणून त्याची क्षमा न्यायाला धरून आहे. एकदा न्याय झालेल्या गोष्टीचा तो पुन्हा न्याय करणार नाही, कारण तो विश्वासू आहे. त्यामुळे ती घट्ट आहे. तिच्यावर उभं राहता येतं.

आणि मी काय केलं? माझा दोष वाहणारा एक होता. मी दुसरा नेमला. तुला.

अकरा वर्षं तो तुझ्या पाठीवर आहे. येत्या रविवारी मी तो काढून आणणार आहे.

ताई

२३ जून, सोमवार

प्रिय खुंटी,

झालं.

पाळकांनी नाव वाचलं. "कोणाला हरकत आहे?" म्हणून मान वर केली. मी उठले. त्यांना वाटलं मी खिडकी लावायला उठले, कारण वारा येत होता, म्हणून ते "हो हो, लावा" म्हणाले. दोन-तीन जण हसले. मी म्हटलं, "मला हरकत आहे."

"कशाला?"

"माझ्या नावाला."

माझा आवाज थरथरला नाही. मला त्याचं नवल वाटलं. मी आधी पुष्कळ तयारी केली होती, ती सगळी विसरले. बाईंच्या पेटीचं माप मी चुकीचं लिहिलं, असं म्हटलं. माझा भाऊ प्यायला नव्हता, वास पॉलिशचा होता आणि मला ते ठाऊक होतं, असं म्हटलं. चिठ्ठी आठ वर्षं माझ्याकडे आहे, असं म्हटलं आणि ती वर धरली. मागच्या बाकावरच्या आजींना ऐकू कमी येतं. त्यांनी सुनेला मोठ्याने विचारलं, "काय म्हणते?" आणि सून त्याहून मोठ्याने म्हणाली, "भावाने काही केलं नव्हतं म्हणते." तेवढं मात्र गेटपर्यंत ऐकू गेलं असेल. मी सांगितलेल्या सगळ्यात तेच चांगलं सांगितलं गेलं.

काका पुरुषांच्या बाजूला बसले होते. ते उठले आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांना काही बोलायचं नव्हतं. उभे राहिले आणि मी बसेपर्यंत बसले नाहीत. नंतर बाहेर मी म्हटलं, काका, तुम्ही का उठलात? म्हणाले, "तेव्हा वास मलाही येत होता ना. अकरा वर्षं मी पण कोणाला सांगितलं नाही की तो माझ्या डब्याचा होता. मला कोणी विचारलं नाही, हे काय कारण झालं?"

डॉक्टर गाणं सुरू व्हायच्या आधी निघून गेला.

मला भीती वाटते का, असं तू विचारशील. परवापर्यंत वाटत होती. आता वाटत नाही, आणि मी हे धैर्य दाखवायला म्हणत नाही. ज्याची भीती होती ते आठ वर्षं माझ्या तारेवरच लटकत होतं. जे व्हायचं ते आता उजेडात होईल, आणि उजेडात देव कसा आहे ते मला माहीत आहे.

एक सांगायचं राहिलं. मी या पत्रांतून तुझ्याकडे क्षमा मागत नाही. तुझी क्षमा माझ्या मालकीची असल्यासारखी हात पुढे करून बसणार नाही. मला दुःख आहे, खूप आहे, एवढं लिहिते. पुढचं तुझं.

ताई

१ जुलै, मंगळवार

प्रिय खुंटी,

पंचांची बैठक शनिवारी झाली. चौघे होते आणि पाळक. माझं नाव मागे घेतलं गेलं, ते तर मीच मागे घेतलं होतं. सहा महिने मी मेजापासून दूर राहायचं. तुला दूर ठेवताना मुदतच घातली नव्हती, हे त्या बैठकीत पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आलं. तुझ्याविरुद्धचा ठराव रद्द झाला आहे. रद्द झाल्याचं तो जिथून वाचला होता तिथूनच, सगळ्यांसमोर वाचायचं ठरलं आहे. तारीख तुला विचारून ठरवायची, हे मी मागून घेतलं.

सोमवारी डॉक्टर वर्कशॉपमध्ये आला. दवाखान्याचा पांढरा कोट तसाच अंगावर. मी चहा विचारला, नको म्हणाला. पेट्यांच्या मधून इकडून तिकडे चालत राहिला.

"मी त्याची कॉलर धरली होती," तो म्हणाला.

"हो."

"सगळ्यांसमोर. आईच्या पुढ्यात."

"हो."

"तू तिथेच उभी होतीस."

"तुमच्या मागे दोन पावलांवर."

"अकरा वर्षं मी त्याच्यावर रागावलोय. आईला नीट पोचवता आलं नाही याचं दुःख मी त्या रागातच ठेवलं होतं. आता तो राग कुठे ठेवू?"

"माझ्यावर ठेवा. माझाच आहे तो."

"इतक्या पटकन जागा बदलत नाही गं बाई," तो म्हणाला. मग एका उघड्या पेटीच्या कडेवर हात ठेवून उभा राहिला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, "तिच्या शेवटच्या आठवड्यात ती मला सांगत होती, मी गेले तर संध्याकाळी सहाला त्या पोराला कोण बोलावणार, तू बोलाव. मी म्हटलं, बोलावीन. आणि मी काय केलं?"

त्याची समजूत घालायचा अधिकार मला नव्हता. जाताना त्याने तुझा पत्ता मागितला. मी म्हटलं, भावाला विचारून देईन. तर देऊ का? नको असेल तर तसं काकांना कळव, मला कळवलं नाहीस तरी चालेल.

दोन घरांनी आमच्याकडून पेट्या घ्यायचं बंद केलं आहे. एक म्हणाले, माप चुकवणारीकडे कसं यायचं. बरोबरच आहे त्यांचं. आता प्रत्येक मापाला काका सोबत येतात, टेपचं दुसरं टोक धरतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. घरची माणसं दचकतात, पण आकडा खरा असतो.

बाईंनी आपल्याला लहानपणी शिकवलं होतं की देव विश्वासू आहे. मी त्याचा अर्थ असा घेतला होता की तो मला सांभाळतो, माझं वर्कशॉप चालवतो, माझं छप्पर गळू देत नाही. आता मागे वळून बघते तर त्याचा विश्वासूपणा मला दुसरीकडेच दिसतो. त्याने त्या चिठ्ठीला आठ वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून हलू दिलं नाही. मला एकही झोप पुरती लागू दिली नाही. आणि इकडे तुला, काका सांगतात, सात वर्षं झाली एक थेंब नाही. मी तुला टाकलं तेव्हा तो तुझ्याबरोबर गेला. मला सोडून नाही. पण तुझ्याबरोबर नक्की.

ताई

१२ जुलै, शनिवार

प्रिय खुंटी,

तुझं पत्र आलं. पोस्टमनने काकांच्या हातात दिलं आणि काकांनी ते दोन्ही हातांनी आणून दिलं, जणू ओलं पॉलिश आहे.

मी ते चार वेळा वाचलं. माझी समजूत अशी होती की तू निर्दोष आहेस हे तुला पहिल्यापासून ठाऊक आहे आणि फक्त जगाला ठाऊक नाही. तू लिहिलं आहेस की तसं नव्हतं. प्यायला नव्हतास हे तुला माहीत होतं, पण हाताबद्दल तुला खात्री राहिली नाही. तुला वाटलं, दारूने डोक्यातला एक कोपरा खाऊन टाकला आहे आणि आता शुद्धीतही तू दहा आणि वीस चुकतोस. म्हणून पुन्हा प्यायला लागलास, चार वर्षं. म्हणून तू नंतर कधी स्वतः माप घेऊन काही केलं नाहीस. खुर्च्यांच्या कारखान्यात साच्यावर कापतोस, आणि साचा दुसरा कोणी बनवतो. बाबांच्या हाताखाली तयार झालेला माणूस, टेप खिशात न ठेवता अकरा वर्षं काम करतो आहे.

हे मी केलं. तुझं नाव हिरावलं एवढंच मला वाटत होतं. मी तुझा हात हिरावला होता.

तू लिहितोस, "मी माफ केलं असं समजू नकोस. मला अजून काही वाटत नाही, राग पण नाही. फक्त परवा रिकाम्या वेळात एक फळी मोजली. मग पुन्हा मोजली. दोन्ही वेळा सारखीच आली." ते वाक्य मी काकांना वाचून दाखवलं. ते लगेच आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मी तसं काहीच धरून चालत नाही. तू एकोणीस तारखेला, रविवारच्या वाचनासाठी येतो आहेस, काकांकडे उतरणार आहेस, माझ्याकडे जेवायला येणार नाहीस, सोमवारच्या गाडीने परत जाणार आहेस. सगळं कळलं. मी स्टेशनवर येणार नाही. डॉक्टरला पत्ता दे म्हणालास, दिला. तो विचारत होता की शनिवारी संध्याकाळी सहाला तू त्याच्या घरी येशील का. निरोप पोचवते आहे, उत्तर तू त्याला दे.

आणि तुझी अट मी पाळकांना सांगितली. तू लिहिलंस, "पाळकांनी वाचायचं नाही. तूच वाच. कागदावर बघून वाच आणि रडू नकोस, मला नीट ऐकू आलं पाहिजे." मेजापासून दूर ठेवलेल्या माणसाने तिथे उभं राहून वाचायचं, असं आधी कधी झालेलं नाही. पाळक म्हणाले, "त्याने मागितलंय ना? मग तसंच."

मजकूर पंचांनी मंजूर केला आहे. पहिल्या मसुद्यात त्यांनी "गैरसमजामुळे" असा शब्द घातला होता, तो मी काढायला लावला. गेले तीन दिवस मी तो रिकाम्या वर्कशॉपमध्ये मोठ्याने वाचते आहे. पहिल्या दिवशी दुसऱ्या ओळीला आवाज गेला. काल शेवटपर्यंत पोचले. आज काकांना रस्त्याच्या पलीकडे उभं केलं आणि आतून वाचलं, आणि त्यांनी तिथून हात वर केला, की ऐकू येतंय.

तुला आधी कळावं म्हणून इथे उतरवते. यात एक शब्दही कमीजास्त होणार नाही.

"अकरा वर्षांपूर्वी या मंडळीने माझ्या भावाला प्रभूच्या मेजापासून दूर ठेवलं. ते माझ्या साक्षीवरून ठेवलं. बाईंच्या पेटीचं माप मी घेतलं होतं आणि मी चुकीचं लिहिलं होतं. मला ते कळल्यावरही मी आठ वर्षं सांगितलं नाही. माझा भाऊ इथे बसला आहे. त्याच्याकडे बघून मी देवासमोर सांगते, की त्या दिवशी तो पूर्ण शुद्धीत होता, आणि त्याने कापलेली प्रत्येक फळी बरोबर होती."

ताई